बाटलीवरचा चुन्याचा पट्टा

सन १९८२. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, तू सत्तरीला टेकला होतास. त्या वर्षी तू अकरा वर्षं जपलेली बाटली वाया गेली. मी तिथूनच सुरू करतो, इनास. तू किती बोटींवर चाकरी केलीस, कुठल्या बंदरांत उतरलास, मुलं किती, नातवंडं किती, ते पाद्रीबाबांनी देवळात सांगितलं. बरं सांगितलं. पण बाटलीचं त्यांना काय ठाऊक?

आग्नेसवहिनी म्हणाल्या, इनासला जाऊन महिना होईल त्या दिवशीच्या मिसेला, देवळातल्या प्रार्थनेला, सगळे जमतील, तुम्ही चार ओळी लिहून द्या. तुझा थोरला म्हणाला, "काका, तुम्ही तोंडानं सांगा, मी उतरवतो." मी म्हटलं, नको. मी चौथीतून शाळा सोडली, पण हात माझे शाबूत आहेत. एकेक ओळ लिहायला मला वेळ लागतो. लागू दे. तुला आता कुठे जायची घाई आहे?

आपली गाठ पडली तुमच्या गावठाणातल्या एका लग्नात. मी सोडा फॅक्टरीतला, बाटल्या धुणारा. त्या दिवशी गाडीवरचा माणूस आजारी पडला म्हणून सोड्याचे क्रेट घेऊन मला पाठवलेलं. तू मांडवात पांढरा कोट घालून वाइन ओतत होतास. बोटीवरचा स्टुअर्ड, रुबाब काय विचारायचा. मलाही एक ग्लास दिलास. मी तो तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेला आणि म्हटलं, "ह्या ग्लासात आधी आंबट शिरका होता."

तू हसलास. मग स्वतः वास घेतलास आणि हसायचा थांबलास.

"कोण रे तू?"

"सावंत. सोडा फॅक्टरी, धुलाई खातं."

"नाक कुठे शिकवलंस?"

"रॉकेलवर."

खोटं नव्हतं ते. रिकाम्या बाटल्या घरोघरून, दुकानांतून परत यायच्या. कुणी त्यांत रॉकेल भरलेलं असायचं, कुणी टर्पेंटाइन. एक जरी तशीच पुढे गेली तर अख्खा क्रेट परत. म्हणून प्रत्येक बाटली नाकाशी धरायची. एकतीस वर्षं धरली. वास आला की त्या बाटलीवर चुन्याचा फटकारा मारायचा आणि बाजूला ठेवायची. फटकारा म्हणजे घाण आहे, परत धुवा. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागेल.

"रविवारी ये," तू म्हणालास. "पोटात काय नको, तोंडात तंबाखू नको."

मी आलो. सतरा वर्षं येत राहिलो, सुरुवातीला तू सफरीवर असायचास ते महिने सोडून.

महिन्याचा शेवटचा रविवार. तू मिसेवरून परतलास की अकराच्या सुमाराला तुझ्या ओटीवर आपण तिघं. तू, मी आणि कांबळे मास्तर. मास्तर गोरेगावला राहायचे, तुझ्या थोरल्याला त्यांनी शाळेत शिकवलेलं, आणि वाइनवरची इंग्रजी पुस्तकं कुठून कुठून मिळवून वाचायचे. तिघांकडे परमिट होतं, डॉक्टरच्या सहीचं, की ह्या माणसाला तब्येतीसाठी दारू लागते. सरकारदरबारी आपण तिघेही रोगी. मास्तर ओटीची पायरी चढतानाच विचारायचे, "काय इनासराव, आजचा डोस काय?"

बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तोंड तेवढं उघडं. कधी बोटीवरच्या दोस्तानं आणलेली, कधी गोव्याहून आलेली, कधी वहिनींच्या बरणीतली. ग्लास मी पुसायचे. पहिले तीन घोट होईस्तोवर कुणी बोलायचं नाही. मग आधी मी, मग मास्तर, शेवटी तू. आणि मग भांडण.

तू म्हणायचास, "ह्याला ब्लॅकबेरी म्हणतात."

"मी खाल्लीय का ब्लॅकबेरी?"

"नाय."

"मग मी करवंद म्हणणार."

"अरे सावंता, जगात सगळे..."

"जगाला म्हणावं मालवणात ये. करवंद दाखवतो."

मास्तर दोन्ही शब्द वहीत लिहायचे, एकाखाली एक. माझं बोलणं कुणी लिहून घेतलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. ओलं गोणपाट. पेटीतला जुना कापूर. उन्हात तापलेली कौलं. मास्तर मान वर न करता विचारायचे, "सावंत, कौलं नवी की जुनी?" टिंगल नाही, खरोखर विचारायचे. असा माणूस होता तो. त्याच्याशी मी काय केलं ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

एकदा तू मला फसवायला गेलास. परदेशी बाटली, कागदात गुंडाळलेली, आणि तू गंभीर चेहरा करून बसलेला. मी घोट घेतला, जिभेला मिठी बसली. म्हटलं, "मेल्या, ही बोटीवरची नाय. ही वहिनींची जांभळाची हाय. सहा वर्षं झाली असतील." वहिनी आतून ओरडल्या, "सात!" मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू मात्र हसला नाहीस. पुढच्या रविवारी तू माझ्यासाठी एक जुना ग्लास काढून ठेवलास, पातळ काचेचा, उंच दांड्याचा. "हा सावंताचा," म्हणालास. माझं नाव दिलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात तीच एक.

एक भांडण मात्र मिटलं नाही. आपल्याकडे दुकानात जी गोड लाल पोर्ट मिळते तिला तू सरबत म्हणायचास. मी म्हणायचो, माझ्या बायकोला दुसऱ्या बाळंतपणात अंगात रक्त उरलं नव्हतं, सुईणीनं रोज दोन चमचे तेच सरबत पाजलं आणि ती उठून उभी राहिली. तू म्हणायचास, ती उठली ती तिच्या हिमतीवर. मी म्हणायचो, तू होतास काय तिथे? आणि हे वर्षातून तीनदा. तू म्हणायचास, "एकदा खरी पोर्ट पिऊन बघ, मग बोल."

खरी होती तुझ्याकडे. शेवटच्या सफरीत कप्तानानं तुला दिलेली, पोर्तुगालची, विंटेज. तूच समजावलं होतंस. एकाच सालाच्या द्राक्षांची असते, तेही साल चांगलं लागलं तरच करतात. बाटलीत भरली की वीस-तीस वर्षं आडवी ठेवायची. आत गाळ धरतो, खालच्या अंगाला सालीसारखा चिकटून बसतो, आणि वर वाइन स्वच्छ होत जाते. तुझ्या खाटेखाली वाळूच्या पेटीत ती अकरा वर्षं झोपली होती. सत्तराव्या वाढदिवसाला उघडायची ठरली होती.

त्याच वर्षी तुझ्या घराची कौलं उतरवली, जमीन उकरली. बाटली कुठे ठेवायची? तू म्हणालास, दोन महिने सावंताकडे, मग महिनाभर मास्तरांकडे. रिक्षातून तू स्वतः घेऊन आलास, मांडीवर बाळासारखी. माझ्या जोगेश्वरीच्या खोलीत खाटेखाली मी जागा केली होती. तू बोट दाखवून सांगायला लागलास, "हे बघ, हिला ठेवताना..."

मी म्हटलं, "मला बाटली शिकवतोस?"

तू थांबलास. हसून म्हणालास, "नाय बाबा." आणि गेलास. तिथे मी तुला बोलू दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दिवाळीची साफसफाई निघाली. मी खाटेखालून बाटली काढली. धूळ, वाळूचे कण, आणि पोटावर एक पांढरा पट्टा. चुन्याचा. एकतीस वर्षं ज्या खुणेचा अर्थ माझ्या हातांना एकच ठाऊक होता, ती खूण. मला वाटलं, तिकडच्या गोदामातसुद्धा कुणीतरी बाजूला काढलेली असणार, आणि तशीच राहून गेली. शिवाय सावंताच्या घरातून बाटली मळकी जाणार? लोक काय म्हणतील? मी राख घेतली, काथ्या घेतला, आणि फॅक्टरीत धरायचो तशी, तोंड खाली करून, फिरवून फिरवून घासली. कागदाच्या लेबलाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. एवढं कौशल्य! उजेडात धरली तर लखलखत होती. मी खूश झालो, आतल्या गाळाची आठवणसुद्धा झाली नाही, आणि जशी हाताला आली तशी आडवी ठेवून दिली.

मास्तर न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली बाजू वर ठेवायची?" मी म्हटलं, "ठेवा कशीही. काय फरक पडतो?"

वाढदिवसाच्या आधीचा रविवार. तुझी ओटी नवीन, लादी अजून ओलसर. मास्तरांनी धोतराच्या कापडात गुंडाळून बाटली आणली होती. तू कापड सोडलंस. बाटली फिरवलीस. परत फिरवलीस.

"पट्टा कुठाय?"

मास्तर म्हणाले, "कसला पट्टा?"

"पांढरा! चुन्याचा! अहो मास्तर, तीच तर खूण. तो पट्टा नेहमी वर ठेवायचा, म्हणजे गाळ खाली एका जागी राहतो. त्याच्यावर नजर ठेवून अकरा वर्षं झोपवली मी हिला. पुसला कुणी?"

मला तेव्हा कळलं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हा पट्टा नव्हता. मी सावंतांना विचारलंही, कुठली बाजू वर. ते म्हणाले, कशीही."

तू माझ्याकडे बघितलंस. वहिनी दारात गरम तळलेल्या फुग्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे तुझा थोरला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हटलं, "मी दिली तेव्हा पट्टा होता."

पाच शब्द. मास्तर नुसते "सावंत?" म्हणाले. मी ओटीच्या कठड्याकडे बघत राहिलो.

"मास्तर, चूक झाली तर झाली म्हणायचं," तू म्हणालास. "खोटं कशाला?"

"मी खोटं बोलत नाही, इनासराव."

"मग काय सावंत बोलतो? आयुष्य बाटल्यांत गेलं त्याचं."

मास्तरांनी आपलं कापड उचललं, त्याची नीट घडी केली, वही काखेत घेतली. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, फुगे तरी खाऊन..." ते म्हणाले, "नको वहिनी. येतो." चपला घालायला त्यांना जरा वेळ लागला, पट्टा अडकला होता. कुणी उठलं नाही. मी तर नाहीच.

वाढदिवसाला तू बाटली उघडलीस. मेणबत्ती लावून, मलमलच्या फडक्यातून गाळलीस. फडकं काळं झालं आणि तरी खाली उतरलं ते गढूळच. तू म्हणालास, "वर्षभर थांबलो असतो तर बसला असता गाळ. पण सत्तरी काय परत येणार हाय?" आपण प्यालो. दातांखाली कचकच आली. तू एक घोट घेऊन ग्लास ठेवलास आणि आत निघून गेलास. लहान मुलासारखे तुझे खांदे पडलेले मी पहिल्यांदा बघितले.

तुला हे कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. त्या कचकचीच्या मागे जे होतं तसं मी आयुष्यात प्यालो नाही. सुकी करवंदं, जुन्या फडताळातला गूळ, आणि अगदी शेवटी, घोट उतरल्यावर, देवघरात निरांजन विझल्यावर येतो तो वास. तू बरोबर होतास. आपली ती सरबतच. मला तिथल्या तिथे ओरडून सांगायचं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगू? आणि ते लिहून घ्यायला मास्तर नव्हते.

त्यानंतर चार वर्षं आपण दोघंच बसलो. दोघांत मजा नाही आली. तू ब्लॅकबेरी म्हणायचास, मी करवंद म्हणायचो, आणि दोन्ही शब्द हवेत जायचे. तू एकदा म्हणालास, "मास्तर यायला हवे होते रे." मी म्हटलं, "त्यांना यायचं नसेल." हेही खोटंच.

अजून एक लिहितो. वहिनी, तुम्हाला बरं वाटणार नाही, पण लिहितो. इनास, तू ख्रिस्ती, मी मराठा, मास्तर बौद्ध. आपल्या ओटीवर जात निघत नाही ह्याचा आपल्याला केवढा अभिमान! तिघंही एकमेकांच्या उष्ट्या ग्लासातून चव घ्यायचो. पण दोघांपैकी एकाला खोटारडा ठरवायची वेळ आली तेव्हा तुला पळभरही लागला नाही. तू मनात तसं आणलंस असं मी म्हणत नाही. तुझ्या मनातलं देव जाणे. माझ्या मनातलं मी जाणतो. तोंड उघडताना मला आतून ठाऊक होतं की तू माझंच खरं धरशील. ते ठाऊक नसतं तर मी बोललोच नसतो.

गेल्या महिन्यात तू खाटेला खिळला होतास. दुपारी मी पायाशी बसलो होतो. तू छताकडे बघत विचारलंस, "सावंता, घरी बाटल्या कशानं धुतोस रे?"

"राख आणि काथ्या."

"चुना निघतो त्यानं?"

"सगळं निघतं."

"हं," म्हणालास आणि डोळे मिटलेस. पण झोपला नव्हतास, पापण्या हलत होत्या. तू थांबला होतास. तू मला दार उघडून दिलंस आणि मी उंबऱ्यावर उभा राहून विचारलं, "पाणी देऊ?"

तू पाणी प्यालास.

तुला कधी कळलं? त्या दुपारी की आधीच? आधीच कळलं असेल तर चार वर्षं मास्तरांना बोलावलं का नाहीस? माझी लाज राखायला? मग त्या माणसाच्या लाजेचं काय? ह्यावर मला तुझ्याशी कडकडून भांडायचं आहे. भांडायला तू नाहीस, आणि मी जरा जोर लावला तर दोष उलटून माझ्याच अंगावर येतो.

तरीपण तुझे उपकार आहेत माझ्यावर. एकतीस वर्षं माझ्या नाकानं नुसती घाण शोधली. फॅक्टरीनं त्याचाच पगार दिला. त्याच नाकाला चांगलं शोधायला लावणारा तू. चौथी शिकलेल्या माणसाला तू विचारायचास, "सांग, काय काय हाय ह्यात?" आणि उत्तर येईस्तोवर थांबायचास. माझ्या बापानंही कधी माझ्या उत्तरासाठी एवढं थांबून दाखवलं नाही.

तुला मातीत ठेवला त्या संध्याकाळी मास्तर आले होते. काठी आली आहे त्यांच्या हातात. रांगेत उभे राहिले, मूठभर माती घातली. परतताना माझ्यापाशी थांबले. "सावंत, बरे आहात?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "जपा." आणि गेले. ज्याला मी घालवला होता तो मला जपा म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि बसनं गोरेगावला गेलो. मास्तर खिडकीपाशी पेपर वाचत होते. "या, बसा," म्हणाले. मी बसलो नाही.

"मास्तर, पट्टा मी धुतला होता. राखेनं घासून. आणि तुमच्यावर ढकललं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला हे सांगून काय उपयोग, सावंत? मला माहीतच होतं."

"माफी मागायला आलोय."

"मला खोटारडा ठरवलं ते ह्या खोलीत नाही. इनासच्या ओटीवर. त्याची बायको होती, मुलगा होता. तिथे सांगा."

"चला मग माझ्याबरोबर."

"मी नाही येणार. मी शेजारी उभा राहिलो तर लोक म्हणतील, मास्तरांनी बोलायला लावलं. तुमचे तुम्ही जा." मग सुनेला हाक मारली. "ह्यांना पाणी दे गं." माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी प्या आणि निघा. चहा पुन्हा कधीतरी."

मी पाणी प्यालो आणि निघालो. तुझ्या घरी पोचलो तेव्हा ओटी भरली होती. वसईचे पाहुणे, बोटीवरचे दोन म्हातारे दोस्त, बायका आत बसलेल्या. वहिनी काळ्या साडीत भिंतीला टेकून होत्या. थोरल्यानं खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो. आजवर मी कुणासमोर मान खाली घातली नव्हती, आणि त्या वेळीही घातली नाही. वहिनींकडे सरळ बघून म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी कांबळे मास्तर खरं बोलत होते. बाटली मी धुतली होती. खोटं मी बोललो." आवाज मुद्दाम मोठा काढला, मागच्या खोलीपर्यंत जाईल एवढा.

घरात होते तेवढ्या सगळ्यांनी ऐकलं, इनास. तू सोडून.